चौथा खडा

तिघींनी मिळून घराबाहेर पडायचं नाही, हा कांचनच्या आईचा कायदा. तीन तिगाडा, काम बिगाडा. पडायचंच असेल तर एक खडा उचलायचा, पिशवीत टाकायचा आणि म्हणायचं, आम्ही चौघी आहोत. मी केमिस्ट्री शिकलेली बाई, मला असलं काही ऐकलं की डोकं उठायचं. पण त्र्याऐंशी साली कांचन, उत्तरा आणि मी, साताऱ्याच्या एकाच कॉलेजातल्या, एकाच खो-खोच्या टीममधल्या तिघी, एकाच विमानाने अमेरिकेला शिकायला निघालो, तेव्हा त्या माउलीने अंगणातला एक काळा, चपटा, तळहातात मावेल एवढा खडा कांचनच्या पर्समध्ये घातला. म्हणाली, "हा तुमचा चौथा. याला टाकू नका गं."

टाकला. चाळीस वर्षांनी टाकला, आणि मी टाकला.

कसा, ते सांगते. साठी उलटल्यापासून दर सप्टेंबरात आमची एक आठवड्याची चैन असायची. रविवारी आम्ही राहतो त्या एडिसनच्या पार्कात मराठी मंडळाची पिकनिक, तिथे म्हाताऱ्या बायकांचा खो-खो. सोमवारी न्यूयॉर्कहून रॉचेस्टरची सात तासांची ट्रेन. मंगळवार ते शुक्रवार सेनेका लेकच्या उतारावर डोनाच्या मळ्यात द्राक्षं खुडायची आणि शनिवारी ट्रेनने परत. डोना म्हणजे सत्तरीची, एकटी राहणारी, स्वतः ट्रॅक्टर हाकणारी गोरी बाई. खोली आणि जेवण तिचं, हात आपले. लोक विचारायचे, रिटायर झाल्यावर युरोप टूर करायची सोडून ही मजुरी कसली करता? कांचन म्हणायची, "युरोपात द्राक्षं तोडायला टूरिस्टांकडून पैसे घेतात म्हणे. इथे वर पाय मिळतो." काळ्या कॉन्कर्ड द्राक्षांचं सारण भरून भट्टीत भाजलेला हा पाय डोना अप्रतिम करते, हे मात्र खरं.

चौथा अर्थात बरोबर असायचा. ज्या ओळीत आम्ही खुडत असू, तिच्या टोकाच्या खांबावर कांचन त्याला ठेवायची. चहाच्या वेळी त्याच्यापुढे एक द्राक्ष. डोनासुद्धा चार कप घेऊन यायची आणि चौथा स्वतः प्यायची. एका वर्षी हा खडा डोनाच्या खोलीत राहिला म्हणून कांचनने अर्ध्या वाटेवरून गाडी मागे वळवायला लावली आणि आमची ट्रेन चुकली. अख्खा दिवस रॉचेस्टर स्टेशनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी दात-ओठ खात बसले होते. कांचन आपली शेजारी बसून सामोसे खातेय. "मृणाल, चिडू नकोस ना. चौघी आहोत ना आपण?"

डोंबलाच्या चौघी!

पुढच्या वर्षीचा शुक्रवार. म्हणजे आजपासून दोन वर्षांपूर्वीचा. ऊन मरणाचं, गांधीलमाश्यांनी जीव नको केलेला. काम संपवून आम्ही खाली शेडपर्यंत पोचलो आणि कांचन म्हणाली, "अगं, चौथा बाविसाव्या ओळीला राहिला. जा ना, तुझे गुडघे बरे आहेत." मी तो चढ चढून गेले. खांबावरचा खडा उचलला. आणि काय झालं कोण जाणे, चाळीस वर्षांचा राग हातात आला. भिरकावला खालच्या ओळींत. कुठे पडला ते बघितलंही नाही. खाली येऊन सांगितलं, "तिथे नाहीये. तूच बॅगेत टाकला असशील." ती म्हणाली, "हो का? असेल, असेल." माझ्यावर डोळे मिटून विश्वास होता तिचा. तोच नडला.

शनिवारी ट्रेनने सिरॅक्यूज सोडलं आणि तिने शोधायला सुरुवात केली. उत्तरा खिडकीशी झोपली होती. कांचनने पर्स उपसली, जॅकेटचे खिसे उलटे केले. मध्ये पाचेक मिनिटं उठून डब्याच्या टोकाला गेली, मला वाटलं बाथरूमला. परत आली आणि म्हणाली, "चौथा कुठे गेला गं?"

मी पुस्तकातून मान वर काढली नाही. म्हटलं, "असेल तिथेच. नीट बघ."

तिने रॅकवरची बॅग ओढून खाली घेतली. द्राक्षांच्या जॅमच्या बाटल्या होत्या तिच्यात, चांगली जड. सगळे कपडे काढून पाहिले, परत भरले, बॅग परत वर चढवली. एकटीने. मी बसलेली होते. मग ती सीटवर टेकली आणि म्हणाली, "मृणाल, छातीत कसंतरी होतंय." युटिकाला अँब्युलन्स उभी होती, पण तोवर सगळं संपलं होतं.

तिची मुलगी स्वानंदी एडिसनहून गाडी हाणत आली. तिचे बाबा ती कॉलेजात असतानाच गेलेले, माहेरचं असं आईशिवाय तिला कोणी नव्हतं. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "झोपेत गेली गं. तिला काही कळलंसुद्धा नाही." चौथ्याचं विचारलं, तेव्हा म्हटलं, "माझ्याकडे आहे, राहू दे." एकावर एक फ्री, तशी दोन खोटी.

उत्तरा त्यानंतर मुलाकडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला बेलव्ह्यूला राहायला गेली. मी लग्न केलेलं नाही, मला मूल नाही, मला कुठे जायचं नव्हतं. दोन वर्षं मी एडिसनमध्ये त्याच घरात त्याच खुर्चीत बसून होते, आणि शेजारच्या खोलीत कोणीतरी बॅगेची चेन उघडतंय, लावतंय, उघडतंय, असं मला दिवसाढवळ्या ऐकू यायचं. कोणाला सांगणार? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

या ऑगस्टमध्ये स्वानंदीचा फोन आला. "मावशी, आम्ही इंडियाला जातोय. छोटीला साताऱ्याचं घर दाखवायचंय. अक्षत, मी आणि छोटी, तिघं आहोत ना आम्ही. सो आय नीड चौथा. आईने मला शंभर वेळा सांगितलंय. तुझ्याकडे आहे ना?"

"आहे ना," मी म्हटलं. दुसरं काय तोंडातून निघणार!

"आम्ही सप्टेंबरच्या एकविसाव्या तारखेनंतर निघतो. तोपर्यंत दे." मग तिने नेहमीचं विचारलं. फोन ठेवताना ती दर वेळी विचारते. "मावशी, आई झोपेतच गेली ना? नक्की?"

"नक्की," मी म्हटलं, आणि फोन ठेवून कॅलेंडर काढलं. साताऱ्याच्या अंगणातला काळा खडा न्यूयॉर्क राज्याच्या राखाडी मातीत दोन वर्षं पडलाय. शोधायला एकच आठवडा होता, आमचाच. मी एकटी निघाले.

रविवारी आधी खो-खोला गेले. न जाऊन कसं चालेल? आठवडा तसाच सुरू व्हायला हवा होता, असं मनाने घेतलं होतं. बायकांनी "अय्या, मृणालताई आल्या!" करून मला पाचव्या चौकोनात बसवलं. खो-खोचा कायदा अगदी सोपा. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि मिळाला की बसून राहायचं नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही. मी गुडघे दुमडून, एक टाच उचलून बसले आणि पाठीवर दणकन हात पडला. "खो!"

उठले आणि धावले. चार पावलांवर सगळ्या हसायला लागल्या. "अहो ताई, तुम्हाला कोणी खो दिला?" पळणारी आणि पाठलाग करणारी, दोघी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. माझ्या मागे कोणीच नव्हतं. मी म्हटलं, "कान गेलेत माझे," आणि परत बसले. पण पाठीवरची पाच बोटं मला संध्याकाळपर्यंत जाणवत होती. खांद्यांच्या बरोबर मधोमध, जरा डावीकडे. कांचन डावरी होती.

सोमवारी न्यूयॉर्कहून ट्रेनमध्ये बसले. हडसन नदी शेजारून धावायला लागली. कंडक्टरने तिकीट पाहिलं आणि डोक्यावरच्या पट्टीत कागदाची चिठ्ठी खोचून गेला. त्या चिठ्ठीवर कुठे उतरायचं आणि माणसं किती, ते लिहितात. मी सहज वर पाहिलं. रॉचेस्टर, दोन.

मी त्याला परत बोलावलं. आवाज जरा चढलाच माझा. "मी एकटी आहे."

त्याने माझ्या शेजारच्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सॉरी मॅम. मघाशी एक लेडी होत्या ना इथे? बॅगेत काहीतरी शोधत होत्या. मला वाटलं तुमच्याबरोबर आहेत."

तो दुसरी चिठ्ठी लिहून देत होता. मी म्हटलं, "राहू दे." मला भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगते, भीतीच्या खाली आनंदही झाला, की बाई अजून माझ्या शेजारी बसते. युटिका आलं तेव्हा मात्र मी डोळे गच्च मिटून घेतले.

डोना स्टेशनवर न्यायला आली होती. तिने मला घट्ट धरलं. मंगळवारी सकाळी कात्री आणि बादली घेऊन मी म्हटलं, "मला बाविसावी ओळ दे, आणि तिच्या खालच्या सगळ्या." खुडायचं निमित्त, नजर जमिनीवर. घड कापायचा, बादलीत टाकायचा, पायाने गवत बाजूला करायचं. दगड म्हणाल तर ढीगभर, सगळे राखाडी, पापुद्र्यासारखे फुटणारे. काळा एकही नाही. बुधवारी गुडघ्यांवर बसून हाताने माती चाचपली. डोना ट्रॅक्टरवरून ओरडली, "अगं, तू द्राक्षं खुडतेयस की कोंबडीसारखी उकरतेयस?" गुरुवारी पाऊस आला, तरी मी चिखलात होते. पानांच्या पलीकडच्या बाजूने कोणीतरी माझ्याबरोबर पुढे सरकत होतं. आमची पद्धतच ती, ओळीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कांचन, म्हणजे घड सुटत नाहीत. मी थांबले की पलीकडचं थांबायचं. पानं बाजूला सारून पाहायची माझी छाती झाली नाही.

त्या दिवशी मी स्वतःशी कबूल केलं की खडा मिळणार नाही. आणि लगेच दुसरा विचार आला. कुठलाही काळा दगड उचलून दिला तर? स्वानंदीने तो शेवटचा कधी पाहिला असेल? तळ्याकाठी मिळेल एखादा. इतकी मी निर्लज्ज झाले होते. एक खोटं पोसायचं म्हटलं की त्याला रोज नवा घास लागतो.

शुक्रवारी शेवटचा दिवस. खालच्या सत्ताविसाव्या ओळीत मी खाली बसून बुंध्याजवळची द्राक्षं कापत होते, आणि पाठीवर हात पडला. रविवारसारखाच, सणसणीत.

"खो!"

या वेळी मी मागे पाहिलं नाही. हातातली कात्री टाकली आणि उठले. तोंड ज्या बाजूला होतं त्या बाजूला चालायला लागले, वर चढाकडे. थांबावंसं वाटलं की मागे पावलं वाजायची, गवतात चप् चप्. मागे वळायचं नाही. खांबापर्यंत नाही. धाप लागली, डोळ्यांत पाणी आलं, एकदा पडले आणि उठले. ओळीचं वरचं टोक आलं. तिथल्या लाकडी खांबावर, सपाट डोक्यावर, काळा चपटा खडा ठेवलेला होता. त्याच्यापुढे एक द्राक्ष सुकून बेदाणा झालेलं.

मी मटकन खाली बसले आणि हमसून हमसून रडले.

डोना धावत आली. मला वाटलं भूत तरी समोर येणार, पण कारण साधंच निघालं. "तो? गेल्या वर्षी गवत कापताना मशीनच्या पात्यात अडकला. मी ओळखला, तुमचा चौथा. म्हटलं, तुम्ही याल तेव्हा दिसेल. जवळच्या खांबावर ठेवला." मग तिने तो बेदाणा निरखून पाहिला. "ते द्राक्ष मात्र मी नाही ठेवलं."

शनिवारी परतीच्या ट्रेनमध्ये मी खडा शेजारच्या सीटवर ठेवला. युटिकाला डोळे उघडे ठेवले. तीच फरशी, तोच लांबलचक प्लॅटफॉर्म, कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. खडा मिळाला होता. आता दोनांतलं एक खोटं खरं झालं होतं, आणि दुसरं कोणाला कळणार नव्हतं. स्वानंदीच्या हातात ठेवायचा, "घे बाई, सांभाळून ठेवला होता" म्हणायचं आणि सुटायचं. तेच ठरवलं मी. खिडकीतल्या माझ्याच चेहऱ्याला तीन वेळा म्हणून दाखवलं.

रविवारी दुपारी तिच्या घरी गेले. हॉलमध्ये बॅगा उघड्या पडलेल्या, तीन वर्षांची छोटी एका बॅगेत जाऊन बसलेली. अक्षत तिला काढायला बघतोय, तर ती, "नो बाबा, आय ॲम पॅकिंग मी!" स्वानंदी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली, चहा टाकला. मी पर्समधून खडा काढून ओट्यावर ठेवला.

तिने तो गालाला लावला. "थँक यू, मावशी. यू केप्ट इट सेफ."

"मग काय, सांभाळून..." मी सुरुवात केली आणि पाठीवर हात पडला. इतका जोरात की मी ओट्यावर आपटले.

"मावशी? काय झालं?"

मिळाला की बसून राहायचं नाही.

"स्वानंदी, तुझी आई झोपेत नाही गेली," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. बाविसावी ओळ, भिरकावलेला खडा, "नीट बघ", जड बॅग, वर न काढलेली मान. काही झाकलं नाही. चहा उतू गेला, कोणी गॅस बंद केला नाही. सांगून झाल्यावर मी तिच्या तोंडाकडे पाहत उभी राहिले. थोबाडीत मारली असती तरी मी गाल पुढे केला असता.

तिने मारलं नाही. आधी गॅस बंद केला. मग ड्रॉवर उघडून एक जुना फोन बाहेर काढला, चार्जरला लावला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. मिस्ड कॉल, आई, दोन वाजून बारा मिनिटं. तारीख त्याच शनिवारची.

"मी एका फालतू झूम कॉलवर होते," ती म्हणाली. "आय कट हर कॉल, मावशी. मी कट केला. मला वाटलं, नंतर करते. आणि तू म्हणालीस ती झोपेत गेली. मग झोपेत फोन कोणी केला? दोन वर्षं मी रोज हाच विचार करतेय. तिला कळलं असणार की ती मरतेय, तिने मला हाक मारली आणि मी कट केली. म्हणून तुला विचारत होते ना दर वेळी! नक्की का, नक्की का!"

डब्याच्या टोकाला गेली होती ती पाच मिनिटं. बाथरूमला नव्हे.

"सापडत नाहीये, हे सांगायला केला असेल," मी कशीबशी म्हणाले. "चौथा."

स्वानंदीने खड्याकडे पाहिलं. एकदम हसली, अगदी कांचनसारखी, फुर्रकन. "ऑफ कोर्स! दॅट्स सो आई!" आणि त्याच हसण्याचं रडणं झालं. ओट्याला धरून ती खाली बसली. मी हात लावायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला. हळूच केला, पण केला.

"एका फोनने सांगता आलं असतं तुला. दोन वर्षं, मावशी. छोटी रडायची तेव्हा मला उठताच यायचं नाही. अक्षत म्हणायचा थेरपीला जा, मी गेले. तू शेजारच्या स्ट्रीटवर होतीस. तू दिवाळीला इथे जेवलीस."

"हो," मी म्हटलं.

"तू आता जा. प्लीज. मी रागाने काही बोलेन."

दारापर्यंत कोणी सोडायला आलं नाही. छोटीने बॅगेतून हात हलवला.

सोमवारी संध्याकाळी एक फोटो आला. विमानातल्या तीन सीट, अक्षत, छोटी, स्वानंदी, आणि छोटीच्या समोरच्या ट्रेवर काळा खडा. त्याच्यापुढे एक द्राक्ष. खाली एक शब्दही लिहिलेला नव्हता. मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं, तीन वेळा.

त्यानंतर घरात बॅगेची चेन वाजलेली नाही. पाठीवर हात नाही. शेजारच्या खोलीत कोणी काही शोधत नाही, जे हवं होतं ते तिला मिळालं. सुटले म्हणायला हवं. उत्तराला फोन करून सगळं सांगितलं, ती म्हणाली, "बरं झालं बाई, मन मोकळं झालं." कसलं मोकळं? नुसतं रिकामं झालंय. खडा साताऱ्याला, मुलगी माझ्यावर रुसलेली, आणि कांचन खरोखरच गेली. दोन वर्षं ती माझ्या अपराधाच्या निमित्ताने का होईना, माझ्याजवळ होती. हे मला आता कळतंय.

रोज सकाळी मी चहा घेऊन दाराकडे पाठ करून बसते. चहा निवून साय धरतो. तरी मी उठत नाही.